आईच्या गाडीचे सुळे

मोटारीच्या बंपरवर जे दोन उभे चकचकीत खुंट असतात त्यांना बंपर गार्ड म्हणतात, हे मला लग्न होऊन रोह्याला आल्यावर कळलं. माझ्या माहेरी, पेणजवळच्या जोहे गावात, त्यांना सुळे म्हणत. ज्या घरात बारा महिने गणपती घडतात तिथे दुसरं काय म्हणणार? हे नाव आईनं पाडलं होतं आणि आम्ही सगळे तेच म्हणायचो. लग्नानंतर मी एकदा नवऱ्यासमोर "त्या गाडीचे सुळे बघा किती छान आहेत" असं म्हटलं, तेव्हा हा गृहस्थ इतका हसला की मला दोन दिवस त्याच्याशी बोलवेना. फिटर माणूस. नट-बोल्टचंही नाव चुकलेलं त्याला खपत नाही.

माझे वडील मूर्तिकार. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली, फिकट हिरव्या रंगाची. लहान मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून ते मुंबईच्या दुकानांना पोचवायला जायचे. सकाळी गेलेली गाडी परत यायला संध्याकाळ व्हायची. आई दिवसभर कारखान्यात काम करायची. साच्यातून निघालेले मूर्तीचे दोन अर्धे जोडले की मध्ये सांध्याची रेघ राहते. ती ओल्या अंगठ्यानं चोळून मिटवणं हे बायकांचं काम, आणि गावात आईचा अंगठा त्यात नावाजलेला होता. पण ऊन उतरलं की ती हात धुऊन पडवीत येऊन बसायची. मीही तिच्या शेजारी बसायचे. वळणावर गाडी आली की उतरत्या उन्हात आधी सुळे चमकत. मग आई म्हणायची, "आली गो," आणि ताटं घ्यायला आत जायची. वडील आल्याशिवाय ती कधीही जेवली नाही. उशीर झाला तर मीही उपाशीच राहायचे आणि आतून चिडायचे. आता वाटतं, ती संध्याकाळ कुणी पुन्हा आणून दिली तर मी रात्रभर उपाशी बसेन.

पुढे गाडी विकली आणि काही वर्षांनी वडीलही गेले. आई धाकट्या भावाकडे, त्याच जोह्याच्या घरात राहिली. कारखाना भाऊ चालवतो. बरीच वर्षं सगळं ठीक चाललं होतं. मग आईचं एकेक निसटायला लागलं. आधी भाज्यांची नावं, मग वार, मग नातवंडं. ह्याला माझं नाव देते, त्याला भावाचं. आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग एके दिवशी भावजयीचा फोन आला. आईला ती आत्या म्हणते.

"ताई, आत्या संध्याकाळी जेवत नायत."

"का? पोट बिघडलंय का?"

"पडवीत बसतात. म्हणतात, गाडी आली की जेवीन."

आधी वाटलं, एखादा दिवस असेल. पण रोजचंच झालं. वडील जाऊन इतकी वर्षं झाली हे आई विसरली होती, गाडी विकली हेही विसरली होती, आणि वाट बघायची मात्र विसरली नव्हती. कुणी समजवायला गेलं तर घाबरायची, तोंड मिटून घ्यायची. दुपारी जेमतेम दोन घास व्हायचे, आणि संध्याकाळचं ताट तसंच आत जायचं. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या मनगटातल्या बांगड्या थेट कोपरापर्यंत सरकत होत्या. एसटीनं परत येताना पेण ते वडखळ मी खिडकीकडे तोंड करून रडले.

आता योगायोग म्हणा की माझं नशीब म्हणा, रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घराच्या अंगणात त्या वेळी एक अँबॅसिडर उभी होती. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, बागकाम करतात. आमच्या ह्यांनी कुणाच्या तरी गोठ्यात सडत पडलेली गाडी उचलून आणली. वर्षभर अंगणात ग्रीसचा वास, आणि माझ्या वाळवणाच्या जागेवर सायलेन्सर. मी रोज एकदा तरी तिला भंगारात घालायची धमकी द्यायचे. पण ती चालू झाली होती, आणि वडिलांच्याच मॉडेलची होती. मी ह्यांना म्हटलं, "हिला फिकट हिरवा रंग द्या. आणि मला जोह्याला घेऊन चला." एरवी माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढणारा माणूस, त्या दिवशी काही न बोलता रंगाचा डबा आणायला गेला.

रंग वाळल्यावर आम्ही निघालो. जोह्याच्या वळणावर ह्यांनी हॉर्न दिला. आई पडवीतच होती. ती उठली, पायऱ्या उतरून आली. तिला लांबचं दिसत नाही, त्यामुळे ती गाडीच्या पुढ्यात येऊन दोन्ही हातांनी चाचपू लागली. बॉनेट, दिवे, मग बंपर. बंपरवरून तिचे हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. ती पुन्हा चाचपू लागली.

"ही आपली नाय," ती म्हणाली. "हिला सुळे नायत." आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळीही ती जेवली नाही.

ह्यांनी कपाळाला हात लावला. गाडी आणली तेव्हाच तिला गार्ड नव्हते, आणि गार्ड हे काही गाडीचं अंग नव्हे, नुसता दागिना, असं म्हणून ह्यांनी तो विषय सोडून दिला होता. परतीची वाट म्हणजे तो कायम खणलेला हायवे. नागोठण्याच्या जवळपास हे म्हणाले, "सुळे शोधायला पाहिजेत." पहिल्यांदाच त्यांनी सुळे म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी चिडवायचंही विसरले.

मुंबईच्या भंगार बाजारात ह्यांना गार्डची एक जोडी मिळाली. पण ती कुठल्यातरी परदेशी गाडीची. उंची बरोबर होती, चमक बरोबर होती, बूड मात्र जुळत नव्हतं. आमच्या गाडीचा बंपर दोन अंगांनी वळतो. वरून खाली फुगीर आहे, आणि कडेला जाताना मागे झुकतो. गार्डचं बूड जवळजवळ सपाट. बंपरला लावला की खालच्या बाजूला बोट जाईल एवढी फट राहायची, आणि बोल्ट आवळला की गार्ड तोंड फिरवून बसायचा. गार्डच्या कडेला पत्र्याची पट्टी वेल्ड करून ती फट भरायची, एवढंच काम होतं. पण पट्टीला नेमका कसला बाक द्यायचा? ह्यांनी पुठ्ठा कापून नमुने केले. एक पुठ्ठा बसवला की दुसरीकडे उजेड दिसायचा. अंगणभर पुठ्ठ्याचे तुकडे झाले. इकडे भावजय रोज फोन करून सांगत होती, आज दूध घेतलं, आज तेही नाही.

एका दुपारी मी त्यांच्या मागे उभी राहून बघत होते आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, अरे, हे तर आमचं काम आहे. फट मोजायची कशाला? फटीचा साचा घ्यायचा.

भावाकडून शाडू मागवली. कितीतरी वर्षांनी मी माती मळली. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, आता हात जप, आणि मी कारखान्यातून उठले ती उठलेच. रोह्यात माझ्या हाताला पीठ, साबण आणि शिवणाची सुई लागली, माती लागली नाही. मळताना तो गार, किंचित उग्र वास आला. मला जोह्याची आठवण येत होती असं म्हणणं खरं नाही. जोहे काय, तासा-दीड तासावर आहे. मला त्या घरातली मी हवी होते, सांधे मिटवणाऱ्या आईच्या शेजारी बसून माती मळणारी.

बंपरला खोबरेल चोळलं. डाव्या बाजूचा गार्ड तारेनं बरोबर जागेवर बांधला आणि फटीत शाडू दाबून भरली. बाहेर आलेली माती सुरीनं कापून घेतली. मग तार सोडून हळूच गार्ड काढला, तर फटीचा आकार अख्खा हातात आला, खोबऱ्याच्या कातळीसारखा. शाडू वाळली की आकसते, म्हणून ओली असतानाच तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला. त्या साच्यातून प्लास्टरचे चार-पाच तुकडे काढले. हातोड्याखाली एखादा फुटला तर असावेत म्हणून. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत असा प्रसंग मला पहिल्यांदा मिळाला होता, तो मी पुरेपूर वापरला.

कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात, आमच्या ओळखीचा एक वेल्डर आहे. एरवी खिडक्यांच्या ग्रील आणि लोखंडी फाटकं करतो. दोन्ही गार्ड आणि प्लास्टरचे तुकडे पिशवीत घालून आम्ही त्याच्याकडे गेलो. गाडी नेली नाही, कारण तिचा ब्रेक ह्यांनी त्याच दिवशी उघडून ठेवला होता. वेल्डरनं तुकडा हातात फिरवून पाहिला.

"ह्या मापानं वाकवायची ना पट्टी, काकी? दोन्हीला?"

"दोन्हीला," मी म्हटलं. अगदी ठामपणे.

त्यानं गार्डच्या कडेचं क्रोम ग्राइंडरनं घासून काढलं, क्रोमवर वेल्डिंग धरत नाही म्हणून. पट्टी तुकड्यावर ठेवून हळूहळू ठोकत वाकवली. आधी लांब लांब ठिपके मारून अडकवली, मग मधली जागा भरत गेला. पत्रा पातळ होता, त्यामुळे जरा मारायचा आणि थांबायचा. संध्याकाळपर्यंत दोन्ही गार्ड तयार झाले. मी मऊ फडक्यात गुंडाळून ते बाळंतिणीच्या पोरासारखे घरी आणले.

डावा गार्ड बंपरवर असा बसला की कागदही जाईना. ह्यांनी मला शाबास म्हटलं. मग उजवा लावला. एका कडेला तो बंपरवर चढला आणि दुसऱ्या कडेला आधीपेक्षा दुप्पट फट.

ह्यांनी बंपरवरून आधी डाव्या टोकाकडे, मग उजव्या टोकाकडे हात फिरवला. मग हे हळूच म्हणाले, "डावीकडे बंपर डावीकडे वळतो. उजवीकडे उजवीकडे वळतो."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्याकडे मूर्तीचा साचा पुढचा आणि मागचा असतो, डावा आणि उजवा नसतो. एकदा साचा घेतला की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती काढायच्या, हेच मी जन्मापासून पाहिलं. दुसऱ्या बाजूचा साचा वेगळा घ्यावा लागेल हे माझ्या मनात आलंच नाही. आणि ज्या माणसानं आयुष्यभर कंपनीत बोल्टचे डावे-उजवे आटे ओळखून पोट भरलं, तोही माझ्या हातांकडे बघत बसला आणि विसरला. हे म्हणाले, "राहू दे, एकदंत म्हणून खपवू." मी हसले नाही. पाटावर बसून मी ढसाढसा रडले. माझ्या डोळ्यांसमोर आईचं भरलेलं ताट होतं.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचा साचा घेतला. वेल्डरनं चुकीची पट्टी कापून काढली, पण आधीच घासलेल्या पत्र्याला दुसऱ्यांदा आच सोसवेना. दोन ठिकाणी भोकं पडली. ती बुजवताना वेल्डिंगचे गोळे वर आले.

"काकी, हे घासून, मुंबईला प्लेटिंगला धाडा. नवीन होऊन येईल."

"किती दिवस लागतील?"

"ते लोक लवकर देत नायत."

हे प्लेटिंगला पाठवायला निघाले होते. अर्धवट काम ह्यांच्या डोळ्यांत खुपतं. त्याच वेळी भावजयीचा फोन आला की आई आज पडवीतून उठायला गेली आणि तिथेच मटकन बसली, डॉक्टर म्हणतात सलाइन लावू. मी ह्यांना म्हटलं, "चंदेरी रंग मारा. आत्ताच्या आत्ता." ह्यांनी मारला. डावा गार्ड क्रोमचा चकचकीत, कडेला निळसर भाजलेला. उजवा चंदेरी रंगाचा आणि अंगावर गाठी. रंग ओला असतानाच आम्ही निघालो.

रस्त्याचं काय सांगू. नागोठण्यापुढे एका बाजूनं वाहनं सोडत होते, वडखळला ट्रकांची रांग. हॉर्न देणाऱ्या प्रत्येकावर मी मनातल्या मनात खेकसत होते. जोह्याच्या वळणावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आईला पडवीतच भिंतीला टेकवून बसवलं होतं.

ती एकटीनं उठली. भावजय धरायला धावली, तिचा हात तिनं बाजूला केला. गाडीपुढे येऊन तिनं बंपर चाचपला. डावा हात डाव्या गार्डवर, उजवा हात उजव्यावर. दोन्ही घट्ट धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं उजवा अंगठा जिभेला लावून ओला केला आणि वेल्डिंगच्या गाठीवरून फिरवला. पुन्हा ओला केला, पुन्हा फिरवला.

"सांधा राहिलाय," ती म्हणाली. "तिकडं कुनाचं लक्ष नसतं." मग तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन ह्यांना म्हणाली, "किती येळ केलात?"

हे बावरले. एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रस्ता खणलाय. वडखळला अडकलो होतो."

"रोज काय ना काय," आई म्हणाली आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली. ह्यांनी उतरून पुढचं दार उघडलं. आई बसली. मी मागे बसले. मला ओरडून सगळ्या जोह्याला सांगावंसं वाटत होतं की तिनं ओळखली, गाडी ओळखली.

हमरापूरपर्यंत जाऊन परत फिरायचं असं आम्ही ठरवलं होतं. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी शेतं होती. आई सुखानं बाहेर बघत होती. मग तिनं मान वळवून मला पाहिलं आणि ह्यांना हळूच विचारलं, "ही कोन?"

ह्यांनी नुसताच गिअर बदलला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले. आईला वाटलं असावं, आपण पाहुणीला अवघडवलं. ती मागे वळून म्हणाली, "बस गो, बस नीट. वाटेत सोडू तुला. कुठं जायचंय?"

"रोह्याला," मी म्हटलं.

"लांब दिलीय गो तुला. आमची पोर पन तिकडंच दिलीय." आणि ती पुन्हा बाहेर बघू लागली.

तिची मुलगी कशी आहे, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

घरी आल्यावर ताटं घ्या असं आईनंच भावजयीला सांगितलं. ह्यांना पाटावर बसवलं, मलाही बसवलं, मग स्वतः बसली. भात, वाल आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. आईनं पहिला घास घेतला. मग दुसरा. भाऊ दारात उभा राहून बघत होता. भावजय पदरानं डोळे पुसत आत गेली. आई मान खाली घालून, सावकाश, ताटातलं सगळं जेवत होती. माझा घास मात्र हातातच राहिला.

आईचं लक्ष गेलं. तिनं आपल्या ताटातली चटणी चिमटीनं उचलून माझ्या भातावर ठेवली.

"जेव गो," ती म्हणाली. "जेव आनि लवकर निघ. तुजी आय वाट बघत असंल."